रॉकेलचा वास

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, सरपंच सोनालीताई, व्यासपीठावरील मान्यवर आणि पोशीरच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माझी सून प्राची कुंभिवलीला गाळा घेऊन तिकडेच राहायला चालली आहे, म्हणून आपण तिला शाल-श्रीफळ दिलंत. पण ती का चालली आहे, हे मघापासून एकाही वक्त्याने सांगितलं नाही. मग ते सासूनेच सांगायला हवं, नाही का?

प्राची आमच्या पडवीत अ‍ॅल्युमिनियम कापते. डब्याचा पत्रा नव्हे. बोटभर जाड प्लेटा, कारखान्यांच्या मशीनसाठी. हा धातू मऊ. कापताना तापतो आणि करवतीच्या दातांत चिकटून बसतो. म्हणून पात्यावर थेंब थेंब रॉकेल सोडावं लागतं. ते काम माझं. म्हणजे सून खाली वाकलेली, मागे सासू रॉकेलची बाटली घेऊन उभी, आणि करवत किंचाळतेय!

कुणीतरी जाळीतून पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. फोनचा मला राग नाही. तसं खरंच काही असेल तर करायलाच हवा. पोलीस आले, करवत पाहिली, प्राचीशी बोलले, हसत चहा पिऊन गेले. राग आहे तो त्यानंतरचा. "सासूनं पेटवलंय गं तिला," असं नळावर कोण बोललं? तिच्या माहेरी, ठाकुरवाडीला निरोप कुणी धाडला? तिची आई धापा टाकत आली आणि थेट लेकीच्या बाह्या वर करून हात तपासू लागली. हाताला चकचकीत कीस लागला होता, दुसरं काही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी प्राचीने मशीन झाकून ठेवलं. म्हणाली, "आई, उद्या माझं बोट जरी कापलं ना, तरी नाव तुमचंच येईल. करवतीची भीती नाय वाटत मला. या लोकांची वाटते."

माझी अब्रू राखायला पोरगी घर सोडतेय, मंडळी! आणि तुम्ही तिला नारळ देताय. तिकडे तिच्या पात्यावर रॉकेल कोण सोडणार, याचा विचार केलात कुणी?

शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझं काही अधिक-उणं बोलणं झालं असेल तर पोटात घाला. तुमच्याकडून जे झालं त्याची माफी मात्र माझ्याकडे मागू नका. प्राची इथे समोरच बसली आहे.