तारे लांब, लेन्स लांब

...आणि वर मलाच विचारतो, ‘‘अंकल, वापर काय?’’ वापर! अरे, कॅमेऱ्याचा वापर काय असतो? त्यात डाळ शिजवतात? फोटो काढायचे, बाबा, फोटो! तुम्हाला सांगतो, तळवलीत नळ आणि टाइल्सचं दुकान उभं केलंय मी, कुठल्या कॉलेजात न जाता. गिऱ्हाईक दारातून आत आलं की चपलेवरून ओळखतो, हा तासभर इटालियन टाइल बघणार आणि साधी फरशी नेणार. आणि या गोटीराम शेठला वाशीच्या कॅमेऱ्याच्या दुकानात, एसीत उभा राहून तो गळ्यात पट्टा अडकवलेला यशराज विचारतो, वापर काय!

झालं काय, आमची भाविका. एकुलती एक. तिला ताऱ्यांचं वेड. आता इथे तारे दिसतात कुठे? इकडून महापेचे दिवे, तिकडून रोडचे दिवे, रात्रीचं आभाळ म्हणजे नुसता पाणचट चहा! म्हणून ही आणि हिची मित्रमंडळी मुरबाडच्या पुढे कुठल्या माळावर जातात, आकाशगंगेचे फोटो काढायला. आणि जातात कधी? अमावास्येला! एवढे दिवस पडलेत, पण नाही, अमावास्याच पाहिजे, कारण चंद्राचा उजेड नको. आमच्या यशोदाबाईंनी घरात भांडी आपटली. ‘‘अवसंला पोरीला रानान पाठवताय? डोका ठिकानाव हाय ना तुमचा?’’

पण मी शब्द देऊन बसलो होतो. कॅमेरा माझ्याकडून. पावसाआधीची ही शेवटची अमावास्या. ही हुकली की चार महिने आभाळ बंद, आणि मग पोरगी चालली बंगळुरूला नोकरीला. तिकडे गेल्यावर ती स्वतःच्या पगारातून घेईलच हो, पण मग बाप कशाला आहे?

शेवटी यशोदाबाई एका अटीवर गप्प झाल्या. ‘‘घरान वस्तू आनताव तं घरच्यांचे पन कामा आली पायजे.’’ म्हणजे रात्री तारे आणि एरवी हळदी, बारसं, गौरी-गणपती. सगळं एकात. सांगा, काय मोठं मागितलं?

भाविका म्हणाली, ‘‘पप्पा, थांबा, शनिवारी मी पण येते.’’ मी थांबतोय? उभ्या आयुष्यात खरेदीत फसलो नाही, आता पोरीचा हात धरून जाऊ?

गेलो. सांगितलं, रात्री तारे, दिवसा माणसं, एकच वस्तू दे. यशराज हसला. ‘‘अंकल, असं नाही होत. बॉडी वेगळी, लेन्स वेगळी. ताऱ्यांना वेगळी लेन्स, फॅमिलीला वेगळी.’’ अरे! मी नळ विकतो तेव्हा तोटी वेगळी, चावी वेगळी असं विकतो का? पुढे म्हणाला, ‘‘ताऱ्यांना ही घ्या, एक पॉइंट आठ.’’ बाजूची पाच पॉइंट सहा, ती स्वस्त. मी म्हटलं, आकडा मोठा आणि भाव कमी? ‘‘अंकल, आकडा छोटा तर भोक मोठं. भोक मोठं तर उजेड जास्त.’’ ऐकलंत? छोटा आकडा, मोठं भोक! उद्या मी अर्ध्या इंचाचा पाइप म्हणून चार इंची देतो, बघू प्लंबर जिवंत ठेवतो का मला!

आणि ती महागाची लेन्स केवढी? बुटकी! आमच्या बेसिनच्या जाळीएवढी! म्हटलं, हा मला बनवतोय. तारे कुठे? लांब. मग लेन्स कशी पाहिजे? लांब! सरळ हिशोब आहे. मागच्या कपाटात एक होती, अशी भक्कम, अशी दणदणीत, खांद्यावर घेतली की माणसं बाजूला होतील. म्हटलं, बॉडीला हीच लावून दे. ‘‘अंकल, पण वापर काय ते...’’ म्हटलं, गप! बिल कर!

घरी आणली. यशोदाबाईंनी पाटावर ठेवली, निरांजन ओवाळलं, नारळ फोडला. भाविका आली, बघितलं, आणि खाली बसली.

‘‘पप्पा, ताऱ्यांना रुंद लेन्स लागते. अख्खं आभाळ मावायला पाहिजे. हिच्यात चंद्र येईल फक्त.’’

‘‘मग काढ की चंद्र!’’

‘‘अमावास्येला?’’

रडली नाही हो. रडली असती तर मी ओरडलो असतो. ती म्हणाली, ‘‘जाऊ दे पप्पा, पुढच्या वर्षी बघू.’’ पुढच्या वर्षी! बंगळुरूहून!

तसाच उठलो, वाशी. म्हटलं, बदलून दे, ती बुटकी दे. यशराजने लेन्स उजेडात धरली. ‘‘अंकल, काचेवर हे लाल काय आहे?’’

कुंकू! आमच्या बाईने गाडीच्या काचेला लावतात तसं मधोमध बोट टेकवलेलं, शेजारी हळद, वर अक्षता, आणि अक्षतांचे दोन दाणे कड्यात अडकलेले!

‘‘सॉरी अंकल, वापरलेला माल परत होत नाही.’’

वापरलेला? अरे, वापर कुठे केला? पूजा केली! ‘‘पूजा म्हणजे वापरच ना अंकल.’’ आणि तुम्हाला सांगतो, माझ्याच दुकानात पाटी आहे, नळाला टेप गुंडाळली की परत घेत नाही.

बरं, म्हटलं घरच्या कामाला तरी येईल. पुतण्याची, दिपेशची हळद होती. नवऱ्यासमोर उभा राहिलो, डोळा लावला, तर नुसती मिशी! मागे सरकलो, नाक आलं. मांडवाबाहेर गेलो, एक कान आला. अख्खा दिपेश मावेपर्यंत मी रस्त्यापलीकडे गटाराच्या कडेला, आणि मध्ये डीजेचा टेम्पो! दिपेश तिकडून ओरडतोय, ‘‘काका, कुठं चाललाव? जेवून तरी जा!’’ मग सांगा, या वस्तूचा वापर काय?

अमावास्या दारात. परत यशराजसमोर. तो हळूच म्हणतो, ‘‘अंकल, एका रात्रीसाठी ती लेन्स भाड्याने घ्या ना.’’ भाड्याने! तळवलीत आमच्या तीन चाळी आहेत! आम्ही भाड्याने देतो, घेत नाही! माझ्या बापाने, आजाने, कोणी कधी कुणाचं भाडं भरलं नाही! मग? घेतली. मान खाली घालून आधार कार्ड दिलं आणि सही केली, भाडेकरू म्हणून.

पोरगी गेली. यशोदाबाई रात्रभर देवासमोर. सकाळी पोरगी परतली, अंगभर डास चावलेले, पण चेहरा असा की अमावास्येला चंद्र उगवला. आणि फोटो! काळ्या आभाळात धुराचा पट्टा आणि त्यात तांदूळ सांडल्यासारखे तारे... मी बघतच राहिलो. यशोदाबाईंनी चष्मा लावून कोपरान् कोपरा बघितला आणि म्हणाल्या, ‘‘बरा हाय. पन यान आपला कोन हाय?’’

मी ऐकलं नाही. मोठा करून घेतला आणि दुकानात भिंतभर लावला. पोरगी गेली बंगळुरूला, तिचं आभाळ माझ्या गल्ल्यामागे. परवा बिल्डर अंकुशराव आले. फोटोसमोर उभे राहिले, मान तिरकी केली, बोटाने वाजवून बघितलं. ‘‘शेठ, ही टाइल कुठल्या कंपनीची?’’

असा भडकलो मी! म्हटलं, ‘‘टाइल? अहो, आकाशगंगा आहे ती!’’

‘‘नाव झकास आहे. ग्लॉसीत येते की मॅटमध्ये?’’

...काय करता? म्हटलं, मॅटमध्ये. आठ दिवस लागतील, बाथरूमचं माप देऊन जा.