भिंतीतून जाणारं चित्र

"कुणाचा विश्वास बसणार न्हाई बाई, पण आमच्या घरात चित्र दीड हात जाड भिंतीतून आरपार जातंय. आड आलेल्या कणगीतल्या ज्वारीला धक्कासुद्धा लागत न्हाई!"

अहमदपूरच्या स्टँडवर माझ्या बाकावरचे हणमंतराव शेजारच्या बाईंना सांगत होते.

"कसलं चित्र, मामा?"

"टीव्हीचं. आमच्या मंडळीचं, धोंडाबाईचं, खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने मागच्या खोलीत पडून हाय. एकटीनं भिंतीकडं बघत बसायची. वायर न्यावी, तर भोक पाडताना मातीच ढासळती. मग सुनेनं, पुनमनं, दोन डब्या आणल्या. एक बैठकीत, चित्र पाठवणारी; एक तिच्या खोलीतल्या टीव्हीला, ते पकडणारी. मधी वायरच न्हाई! लई उपकार झाले पुनमचे. म्हातारी पुन्हा हसाया लागली."

"गुणाची हाय सून."

"आन् गंमत ऐका. ती तिकडं मालिका बघती, मी त्याच टायमाला बैठकीत कुस्ती!"

"सेट टॉप बॉक्स किती हायेत?"

"एकच की."

"मग खोटं बोलून राहिलात, मामा! आमच्याकडंबी तसल्याच डब्या हायेत. दोन्हीकडं एकच चॅनल दिसतंय. इतके दिस तुम्हीबी मालिकाच बघून राहिलात!"