अप्पांचा पट्टशिष्य

नाही, पण मी म्हणतो, शिष्य तरी किती असावेत हो एका माणसाला? काही सुमार? अहो, जिवंत होते तेव्हा आमच्या अप्पांकडे एक शिष्य टिकत नव्हता, एक! सोमवारी यायचा, गुरुवारी व्हायोलिनची पेटी तशीच टाकून पळायचा, मग त्याची आई येऊन दारातूनच ती पेटी मागून न्यायची, आत पाऊल टाकायची नाही. आणि आता? आता अप्पा जाऊन वर्ष उलटलं तर ज्याला बघावं तो अप्पांचा शिष्य! न्हाव्याकडे जावं, तर शेजारच्या खुर्चीतला तोंडाला फेस फासलेला माणूस म्हणतो, 'तुमच्या वडिलांकडे शिकलोय मी.' बँकेत जावं, तर काचेपलीकडची बाई म्हणते, 'आमचे हे त्यांचेच शिष्य.' म्हटलं, असेल बाबा! समोर बाई होती, तरी तोंडातून तेच आलं. असेल बाबा, असेल. मी थकलोय हो...

तुम्हाला सांगतो, आमचे अप्पा व्हायोलिन वाजवायचे आणि शिकवायचे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत अप्पांची शिकवणी, मागच्या खोलीत आई, मी आणि शांतता. शांतता म्हणजे कशी? कप बशीत ठेवताना आधी बशीत बोट ठेवायचं, बोटावर कप टेकवायचा आणि मग हळूच बोट काढून घ्यायचं. आवाज झाला की संपलं! पुढच्या खोलीतून एक शब्द यायचा. 'पुन्हा.' तो शिष्याला असायचा की कपाला, ते कळायचं नाही, पण आई कप उचलून पुन्हा ठेवायची. अप्पांना हा एकच शब्द यायचा. छान नाही, वाईट नाही, शाबास तर सोडाच. पुन्हा. एकदा एक पोरगा वाजवता वाजवता शिंकला, तर म्हणाले, 'शिंक बेसूर होती,' आणि त्याला घरी पाठवला. कायमचा!

मीही शिकलो होतो हो. घरातलंच गिऱ्हाईक मी, जातो कुठे? दोन-तीन वर्षं नुसतं पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आणि एक दिवस मी वाजवलं आणि अप्पा 'पुन्हा' म्हणालेच नाहीत. मला वाटलं, जमलं! तर त्यांनी माझ्या हातातून व्हायोलिन घेतलं, पुसलं, पेटीत ठेवलं आणि खिडकी लावून घेतली. विषय संपला. त्यानंतर जन्मात कधी त्यावर बोलणं नाही. मी आपला चष्म्याच्या दुकानात चिकटलो, आजवर तिथेच आहे. लोकांच्या नाकावर काचा चढवतो आणि विचारतो, 'आता दिसतंय? आता?'

बरं, अप्पा गेले तेव्हा जिन्यात गर्दी-बिर्दी काही नाही. दूधवाला वर आला तो बिलासाठी. मग वर्षभराने रेडिओवाल्यांना कुठल्याशा कपाटात अप्पांचं जुनं रेकॉर्डिंग सापडलं, ते लागलं एका सकाळी, आणि झालं! उपेक्षित महर्षी! काळाच्या पुढचा कलावंत! आणि पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तसे शिष्य उगवले. गुरू जिवंत असेपर्यंत शिष्य व्हायला मेहनत लागते, महाराज; गेल्यावर नुसती हिंमत पुरते.

आणि त्या सगळ्यांवर कडी करणारा हा! पट्टशिष्य!

एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर बाहेर एक लांबडा माणूस, बगलेत पेटी, डोळे आधीच ओले. अप्पांचा फोटो दिसायच्या आधी ओले, हे लक्षात घ्या! आत आला, फोटो बघितला आणि जो हंबरडा फोडला... खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली, म्हणाली, 'कोण गेलं?' म्हटलं, गेल्या वर्षीचेच हो. आईने त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि हा सुरू झाला. (आवाज कसा? तर गळ्यात ओला टॉवेल अडकल्यासारखा.) 'आई, मी गुरुजींचा पट्टशिष्य! सात वर्षं शिकलो! याच खोलीत!' म्हटलं, या खोलीत? मी मागच्या खोलीतच होतो की! म्हणाला, 'पहाटे. गुपचूप. गुरुजी म्हणायचे, आपलं नातं जगाला कळता कामा नये.' म्हटलं, असेल बाबा! पहाटे मी झोपलेला असतो.

मग म्हणतो, 'मी चुकलो ना, की गुरुजी असे खदाखदा हसायचे!'

अप्पा. खदाखदा.

मी आईकडे बघितलं. आता ही उठेल, आता ही दार दाखवेल. तर आई म्हणते, 'हो का? आणि मग?'

आणि मग! अहो, तेवढंच हवं होतं त्याला! मग गुरुजी पाठीवरून हात फिरवायचे, मग गुरुजी स्वतःच्या ताटातलं वाढायचे, मग गुरुजी म्हणायचे, 'बाळ, सुराचं काय घेऊन बसलास, भाव महत्त्वाचा!' शिंकेतला सूर तपासणारा माणूस! आणि मग वाजवून दाखवलं त्याने... काय सांगू तुम्हाला! गज तारांवर असा चालवला, की आमच्या घरात सुतारकाम निघालंय असं वाटून म्हातारी दुसऱ्यांदा वर आली. मी कानात बोटं घालणार, तर आई डोळे मिटून बसलेली. संपल्यावर म्हणाली, 'पुढच्या मंगळवारी याल?'

दर मंगळवारी यायला लागला हो! दर मंगळवारी! वाजवायचं पाच मिनिटं, बोलायचं तासभर. आणि गोष्टींमध्ये हळूहळू आईच यायला लागली. 'गुरुजी म्हणायचे, माझा पहिला श्रोता म्हणजे आमची ही. तिची मान हलली तरच मी ते लोकांसमोर वाजवतो.' 'गुरुजी म्हणायचे, मागच्या खोलीतून भांड्यांचा आवाज आला की माझ्या हाताला लय सापडते.' भांड्यांचा आवाज! बशीत बोट घालून म्हातारी झाली माझी आई! पण ऐकताना तिचा चेहरा... जाऊ दे. मी हिला, म्हणजे बायकोला म्हटलं, अगं हा माणूस चक्क थापा मारतोय. ती म्हणाली, 'तुम्हाला काय त्रास? आई दोन वेळा नीट जेवायला लागल्यात.' म्हटलं, असेल बाबा!

आणि एक दिवस आई माझ्या दुकानात. वर्षानुवर्षं मी मागे लागलो होतो, आई, चष्मा बदल, दांडीला दोरा बांधलाय तू. तर 'मला काय बघायचंय आता' म्हणायची. ती दुकानात येऊन आरशासमोर फ्रेमा लावून बघतेय! म्हणते, 'ही जरा जाड दिसते का रे? मंगळवारच्या आत मिळेल ना?'

मी तिथेच ठरवलं, की हे थांबवायचं.

तेवढ्यात त्याने मोठा बार उडवला. संगीत मंडळाला जाऊन सांगितलं, की गुरुजींनी शेवटच्या दिवसांत एक रचना केली, ती जगात फक्त मला शिकवलीय. झालं! मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य, प्रत्येक शब्दाआधी डोळे मिटणारा माणूस. (डोळे मिटून) 'हा... केवळ कार्यक्रम नाही... हा... अंतर्नाद आहे.' सभागृह घेतलं, फलक लागले, अप्पांचा फोटो पुरुषभर मोठा केला, त्यात बिचारे आणखीच रागावलेले दिसायला लागले. पहिल्या रांगेत आई, नवा चष्मा लावून. शेजारी मी, खिशात भाषण घेऊन म्हणा ना, पाठच केलं होतं.

पट्टशिष्य आला, फोटोसमोर रडला, लोक रडले, आणि त्याने ती रचना सुरू केली. संथ. अतिसंथ. टँऽऽ... टँ टँऽऽ... आणि मला वाटायला लागलं, हे कुठेतरी ऐकलंय. कुठे ऐकलंय? रोज ऐकतो! अहो, आमच्या भिंगांच्या कंपनीला फोन लावला, की 'कृपया प्रतीक्षा करा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणतात आणि त्यानंतर जी धून लागते ना, ती! तीच! फक्त ताप आल्यासारखी! दर मिनिटाला मला वाटे, आता पलीकडून कोणीतरी उचलेल.

आणि लोक? लोक मंत्रमुग्ध! आमच्याच मागच्या रांगेत वर्तमानपत्रात लिहिणारे एक समीक्षक होते, ते शेजारच्याच्या कानात म्हणतात, 'पूर्वी कधीतरी ऐकल्यासारखं वाटतं नाही? हेच थोर संगीताचं लक्षण!' म्हटलं, असेल बाबा! पण आज गप्प बसायचं नाही.

टाळ्या थांबल्या आणि मी उभा राहिलो. म्हटलं, 'मी यांचा मुलगा. हा माणूस आमच्या घरी अप्पा असताना कधी आलेला नाही. अप्पांनी याला शिकवलेलं नाही. आणि ही रचना तर टेलिफोनची आहे!' शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. माझं मलाच ते येड्यासारखं ऐकू आलं. सगळं सभागृह माझ्याकडे असं बघतंय, की बिचारा, बाप गेल्याचा धक्का उशिरा बसला. पट्टशिष्य पांढराफटक. गज हातात तसाच. आणि तो माणूस, तुम्हाला सांगतो, एकदम लहान दिसला मला. पण आता मागे कुठे फिरणार?

अध्यक्षांनी डोळे मिटले. उघडले. आईसमोर माईक धरला. 'बाई... आता... आपणच सांगावं.'

आई उठली. चष्मा सारखा केला. आणि भर सभेत म्हणाली, 'आमच्या घरी आलाय तो. मी माझ्या हाताने चहा दिलाय त्याला.'

टाळ्या! अशा टाळ्या अप्पांनी उभ्या आयुष्यात ऐकल्या नसतील! पट्टशिष्य रडतोय, अध्यक्ष रडतायत, समीक्षकांचं नाक वाजतंय, आणि मी आपला उभाच. कोणीतरी मागून ओढून खाली बसवला.

टॅक्सीत मी म्हटलं, आई, तू चक्क खोटं बोललीस? म्हणते, 'खोटं काय त्यात? मागच्याच मंगळवारी दिला नव्हता का चहा? तुझ्यासमोर दिला.' म्हटलं, आई, अगं तो भामटा आहे! तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'मला काय कळत नाही होय रे? पहिल्या दिवशीच कळलं. हसायचे म्हणाला ना, तेव्हाच.' म्हटलं, मग? दिवे येत होते, जात होते तिच्या काचांवरून. मग म्हणाली, 'सगळा जन्म मी खऱ्या माणसाबरोबर काढला. थोर होते, मी नाही म्हणत नाही. पण घरात मी आहे की नाही, ते त्यांना माहीत होतं का, कोण जाणे. हा आठवड्यातून एकदा येतो. येताना त्यांना घेऊन येतो. हसतात, माझं नाव काढतात... बसतात रे तासभर. वाजवतो वाईट, ते मी सोसते.'

आता यावर मुलाने काय बोलावं? असेल बाबा, एवढंसुद्धा निघालं नाही तोंडातून.

मला वाटलं, आता तो फिरकायचा नाही. तर मंगळवारी बरोबर दारात! पेटी बगलेत, पण डोळे कोरडे. माझ्याकडे बघेना. आत यावं की जावं, ते त्याला कळेना. मीच म्हटलं, या. दुकानात निरोप धाडला, आज येत नाही, आणि बसलो समोर. आई आत चहा टाकायला गेली. आम्ही दोघं आणि मध्ये अप्पांचा फोटो. मी त्याला चार शब्द सुनवणार होतो, खरंच सुनवणार होतो. जीभ तयार होती.

आणि तोंडातून काय यावं? म्हटलं, 'काय हो... माझ्याबद्दल काही बोलायचे का कधी?'

तो बघतच राहिला. तोंड उघडलं. मिटलं. अहो, मिनिटाला एक थाप मारणारा माणूस, अप्पांना हसवणारा, अप्पांकडून वाढून घेणारा... त्याची जीभ अडकली! म्हणाला, 'तुमच्याबद्दल... म्हणजे... तुम्हीही इथेच राहायचात नाही का तेव्हा...'

एवढं अख्खं घर रचलं लेकाने, आणि त्यात मी नाही!

तेवढ्यात आतून आईचा आवाज. 'अरे, सांग की रे त्यालाही काहीतरी! एवढा तोंड उघडून विचारतोय तर!'

पट्टशिष्याने डोकं खाजवलं. फोटोकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि अगदी मनापासून म्हणाला, 'जरा वेळ द्याल का? एकदम सुचत नाहीये हो. पुढच्या मंगळवारपर्यंत बघतो.'

म्हटलं, सावकाश. घाई नाही.