बचावला म्हणे!

...अन् पेपरात वर मोठ्या अक्षरात लिहिलं काय, तर 'वाघाच्या हल्ल्यातून वृद्ध बालंबाल बचावला'. बचावला म्हणे! तुमाले सांगतो, मी बचावलो नाई. मी वाघ हाकलला. काऊन हसून राह्यले? तिथी तुमी होते का? मी होतो.

मोहफुलं वेचाले गेलो होतो, उजाडता-उजाडता, वाकून टोपलं भरून राह्यलो तर मांगं पाचोळा वाजला, वळून पाह्यतो तर हा उभा, इथून त्या खांबापर्यंत, जास्त नाई. आता वाकलेल्या माणसाले वाघ ढोर समजते, हे आमच्या गावात शेंबड्या पोराले माहीत आहे, उभ्या माणसाचं मातर त्याले कोडं पडते. मी उभा झालो. सत्तर वर्षांची कंबर ताठ केली, काठी बाजूच्या रिकाम्या पिप्यावर हाणली, अन् बैलाले म्हणतो तसंच म्हणलो, 'हो मांगं.' तो झाला मांगं. गेला. याच्यात हल्ला कुठी, अन् मी बचावलो कुठी?

मले कोणी विचारलंबी नाई. वनरक्षकानं सांगितलं, वार्ताहरानं लिहिलं, अन् सुरेंद्रनं वाचलं. सुरेंद्र म्हणजे माहा पोरगा. टोपलं माळ्यावर फेकलं अन् म्हणते, 'बाबा, एकडाव बचावले ना, आता घरी बसा.' बसा! माह्या आज्यानं राखलेला मोह, त्याची फुलं मातीत जातीन अन् मी वट्यावर कोंबड्या हाकलू? वाघ हाकलणारा माणूस! एका शब्दापायी?

मी शिकलो दुसरी. सुनेले म्हणलं, नूतन, महिन्याचे पेपर काढ, हा शब्द कुठी कुठी आहे ते वाच. ती वाचत गेली अन् मी आयकत गेलो... एसटी नाल्यात उलटली, प्रवासी बचावले. सरपंचाची खुर्ची एका मतानं बचावली. लग्नाचा मांडव वादळातून बचावला. विहिरीत अस्वल पडलं, चार तास बोंबललं, लोकायनं शिडी सोडून काढलं, तेबी बचावलं! आता मले सांगा, अस्वल पडलं होतं, मी उभा होतो. दोघायले एकच शब्द?

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तालुक्याले. वार्ताहर म्हणजे राजदीप, झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. म्हणलं, हे खोड अन् लिही, या डोमानं वाघ हाकलला. तो म्हणते, 'आबाजी, बसा, पाणी प्या. हाकलला लिहिलं तर वनखातं तुमालेच विचारीन, वाघाले तरास काऊन दिला? बचावला लिहिलं का कोणालेच काई लागत नाई. साहेबाले नाई, वाघाले नाई.'

म्हणलं, मले लागते ना.

तो हसला. म्हणते, 'पण आबाजी, खरं सांगा, तुमी भेले नाई?'

भेलो का विचारते! मी रागावलो नाई, तुमाले सांगतो. मी फक्त दाखवलं, पिप्यावर काठी कशी हाणली ते. आता पिपा तिथी नव्हता. काउंटर होता. काच गेली, राजदीप झेरॉक्सच्या मशीनमांगं जाऊन बसला, अन् मी म्हणलो, 'हो मांगं', तर तो अजून मांगं सरकला. म्हणलं, पाह्यलं? असाच गेला वाघ. आता लिही.

लिहिलं ना त्यानं. तिसऱ्या दिवशी नूतननं पेपर उघडला अन् पदर तोंडाले लावला. वाच म्हणलं. वाचेचना. मंग मीच एकेक अक्षर जुळवत वाचलं... 'संतप्त वृद्धाच्या हल्ल्यातून वार्ताहर बालंबाल बचावला.'

सुरेंद्रनं माही काठी उचलली अन् माळ्यावर टाकली, टोपल्यापाशी. मले वाटलं आता मलेबी टाकते.

तवापासून मी वट्यावर. मोह तिकडं टपटप पडून राह्यला, अन् मी इकडं कोंबड्या हाकलून राह्यलो. पण खरं ते खरं, भाऊ. ही दुसरी बातमी मातर त्यानं बरोबर लिहिली. तो बचावलाच.