घराला रंग काढलाय

पाहुण्या : आणि हे काय म्हणालीस?

सौम्या : टाको, आंटी. मेक्सिकन.

पाहुण्या : आत राजमा दिसतोय. वर ओलं खोबरं.

सौम्या : इट इज अ लिटल... लोकल, आंटी.

पाहुण्या : हा तर पापडच की ग. बघ, मोडला! सगळं मांडीवर.

चंद्रमती : टिशू. सौम्या, टिशू.

पाहुण्या : असू दे हो. नऊ दिवस बसमध्ये बसून साडीचं जे व्हायचं ते झालंच आहे. पण खरं सांगू? त्रिचीपासून मी मनात मांडे खात होते. तंजावरच्या मराठी घरी पान वाढलेलं असेल म्हणून.

चंद्रमती : घर... घर पेंटिंग.

सौम्या : यस, आंटी. घराला रंग. फुल हाउस.

पाहुण्या : असं होय. बरं, हा डाग तेवढा धुऊन येते.

(१९९९ सालचा डिसेंबर. नव्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात महिन्यापूर्वी निघालेला ‘मेक्सिकन कॉर्नर’; मेक्सिकोचं म्हणाल तर भिंतीवर एक कागदी टोपी आहे. पुण्याच्या या बाई यात्रेच्या बसने आल्यात आणि तीन वाजता बस रामेश्वरला सुटणार. तेवढ्यात त्यांना टेक्ससमधल्या मुलासाठी सौम्याला बघून घ्यायचंय. मुलगा सौम्याला सहा महिने ई-मेल करतोय. तिला हे लग्न हवंय, अगदी मनापासून. घराला अर्थात कसलाही रंग काढलेला नाही.)

चंद्रमती : गेल्या कां? खोबरें घालायला कोण सांगिटलें ग हॉटेलवाल्यांस?

सौम्या : मला काय ठाऊक, अम्मा? तूच म्हणलीस, पोरगा तेथें हेंच खातो, आईस दिलें तर खुश होतील.

चंद्रमती : घरीं तुझे अप्पा एकटे बसले आहेत. पहाटे पांचास उठून सांबार केलें, डांगर पचडी केलें, पुरणपोळी केलें. कोण खाणार तें सगळें?

सौम्या : मग घरींच न्यायचें होतें!

चंद्रमती : न्यायचें? अप्पा तोंड बंद ठेवतील कां? तुझ्या अक्काच्या वेळीं काय झालें, विसरलीस? तीन वाजेपर्यंत इंग्लिश बोल. मग बस जाते. पोदुम, तेवढें पुरे. आल्या बघ, हास.

पाहुण्या : गेला डाग. चंद्रमतीबाई, आता एक विचारते, राग मानू नका. मुलगी घरात बघतात. तुम्ही मला बसमधून उतरवून घेतलंत आणि थेट इथं आणलंत. रंग काढलाय म्हणता, पण एकीच्याही नखाला रंग नाही. मुलगी जेमतेम दोन शब्द बोलते, तेही इंग्रजीत. घरात कुणी आजारी आहे का? काही लपवताय का?

चंद्रमती : नो, नो. नथिंग.

पाहुण्या : मग मी मुलाला काय सांगू? मनात किंतु ठेवून हो म्हणायचं माझ्याच्यानं होणार नाही.

सौम्या : लपवलों आहों, आंटी.

चंद्रमती : सौम्या! चुम्मा बस! गप्प!

सौम्या : नाहीं अम्मा. माझें लग्न मोडायला आलें, आणि तूं टिशू देतेस. आंटी, घरांत कोणास रोग नाहीं. आमचें बोलणेंच लपवलों आहों. आमी घरीं असें बोलतों. तीन वर्षें मागें माझ्या अक्कास, संगीतास, पाहायला पुण्याहून लोक आले. पोटभर जेवले. मग अक्कास म्हणाले, बोल, आणखी बोल. ती बोलली कीं हसायचे. पोपटास बोलवतात, तसें. जातांना म्हणाले, पोरगी चांगली, पण चारचौघांत हसें होईल.

पाहुण्या : मग?

सौम्या : अक्का त्या दिवसापासून मराठी सोडली. मदुरैला दिली तिला. पोरांशीं तमिळ बोलते.

चंद्रमती : माझ्याशींही. फोनवर मीं मराठींत विचारतें, ती तमिळांत उत्तर देते. काळीज जळतें हो माझें. तुमचें मराठी रेडिओसारखें. तुमच्यापुढें आमी तोंड कसें उघडायचें?

पाहुण्या : रेडिओसारखं. हं. तीस वर्षं लागली हो त्याला.

चंद्रमती : म्हणजे?

पाहुण्या : मी मूळची पुण्याची नाही. वऱ्हाडातली, मूर्तिजापूरची. लग्न होऊन पुण्यात आले. पहिल्याच दिवशी सासूबाईंना सांगितलं की भूक लागलीय, तर माजघरातल्या सगळ्या पोट धरून हसल्या. मग कुणी पाहुणा आला की जाऊबाई मला पुढे करायच्या. म्हण ग, भुकेचं म्हण. मी जीभच घासूनपुसून घेतली. माझं माहेरचं बोलणं माझ्या मुलानंही कधी ऐकलेलं नाही.

सौम्या : काय म्हणलां होतां तेव्हां?

पाहुण्या : कधी?

सौम्या : भूक लागली, तें.

पाहुण्या : नको ग. आता जिभेवर येणार पण नाही.

सौम्या : आमी नाहीं हसणार.

पाहुण्या : बाई बाई... थांब. “मले लय भूक लागून रायली व माय.”

चंद्रमती : अय्यो! लागून काय? हें कसलें मराठी! परत म्हणा, परत म्हणा पाहूं!

सौम्या : अम्मा! हसूं नको!

पाहुण्या : हासू दे तिले. हासा, चंद्रमतीबाई. पण पयले घरी चला, अन् वाढा.