शनिवारपर्यंतचा रस

मार्च लागला होता. व्हरमाँटमधल्या आमच्या गावच्या शेतीसामानाच्या दुकानात मी रांगेत उभी होते. माझ्या पुढे एल्विराकाकू आणि गल्ल्यामागे मेरिल.

"मेरिल, ती चारशे गॅलनची टाकी दे."

"काकू, यंदा पाकाच्या रसासाठी मेपलच्या झाडांना नळ्या किती ठोकल्यात?"

"साठ."

"म्हणजे चांगल्या दिवशी साठ गॅलन रस. दोन दिवसांचा धरला तरी सव्वाशेची टाकी पुष्कळ झाली. चारशेच्या टाकीत काय पोहायचंय?"

"मला सोमवारपासूनचा रस शनिवारपर्यंत ठेवायचाय."

"शनिवारी काय आहे?"

"लेक येते म्हणालीय, आयरीस. लहानपणी रस आटवायच्या भट्टीजवळून हलायची नाही रे. वाफेनं केस चिकट व्हायचे, तरी झाऱ्यावरचा फेस चाटत बसायची."

"काकू, रस दुधासारखाच. जरा ऊन तापलं की दोन-तीन दिवसांत नासतो. टाकी मोठी घेतली म्हणून तो थांबत नाही."

"बर्फ टाकला तर?"

"एखादा दिवस वाढेल. शनिवार काही गाठायचा नाही."

"गेल्या वर्षीही ती येते म्हणाली होती."

"मग?"

"तिची वाट बघता बघता सगळा रस ओतून द्यावा लागला."

"अरेरे. मग आता काय करताय?"

"सव्वाशेचीच दे. आठवड्याचा रस मी एकटीच आटवीन. शुक्रवारचा तेवढा तिच्यासाठी राखून ठेवीन."

"आणि नाही आली तर?"

"तर रविवारी सकाळी मीच भट्टी पेटवीन. चल, टाकी गाडीत चढवायला हात लाव."