पहिल्या जगातली तक्रार

मंडळी, ऐका. आज रामजन्म झाला, पाळणा हलला, सुंठवडा तुमच्या पोटात गेला. आता एक प्रश्न टाकतो. उत्तराची घाई करू नका, जरा तोंडात घोळवा. देवाला कोण आवडतो? मुकाट्यानं सोसणारा, की सारखी कुरकुर करणारा?

बघा, सगळे एकदम म्हणाले — सोसणारा! आणि मगाशी मी गाभाऱ्यातून इथं येईपर्यंत मला काय काय ऐकवलंत? पंख्याचं वारं लागत नाही. सतरंजी टोचते. सुंठवडा गेल्या वर्षीसारखा झणझणीत नाही. गप्प होते ते एकटे आपले वझेतात्या. नव्वदी उलटली, पण दर रामनवमीला माझं तोंड उघडायचा अवकाश, यांची काठी वर! "बुवा, आवाज पोचत नाही!" यंदा अजून काठी हलली नाही. डुलकी लागली असेल. आमचं बोलणंच तसं गोड.

तर आता विट्याच्या गोदाक्काचं ऐका. कोष्ट्याच्या घरातली बाई, उभं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेलं. एकुलती लेक केतकी. ती शिकली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर नॉर्वे देशात गेली. आणि तिथं तिला दिवस गेले. आता पहिलं बाळंतपण कुठं? माहेरी! पण डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. मग काय करणार? माहेरच उठलं, मेथीचे लाडू बांधले आणि विमानात बसलं!

नॉर्वे देश कसा, माहीत आहे? अगदी पृथ्वीच्या टाळूवर. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. गोदाक्का पहिल्या दिवशी दिवेलागणीची वाट बघत बसली. निरांजनात वात घालून तयार, पण सूर्य जागचा हलेना. शेवटी तिनं खिडकीतून त्यालाच ओवाळलं आणि म्हणाली, "तुलाबी इथनं जावंसं वाटंना व्हय रे बाबा?"

घर तर काय विचारता! नळ फिरवला की गरम पाणी. जमीनसुद्धा पायाला उबदार लागायची. गोदाक्का पहिले दोन दिवस फरशीवर हात फिरवत बसली होती. पण जावई निरंजन आणि लेक केतकी? दिवसभर तक्रारी! कॉफीच्या यंत्रातून फेस कमी आला. गाडीची गादी गरम व्हायला वेळ लागतो. पडदा बोटभर आखूड आहे, त्या फटीतून उजेड उशीवर येतो. आपल्याकडे याला काय म्हणतात? हां — सुख टोचतंय! त्यांनाही ते कळायचं बरं का. म्हणून प्रत्येक तक्रारीनंतर दोघं हसायचे आणि म्हणायचे, "फर्स्ट वर्ल्ड प्रॉब्लेम!"

गोदाक्काच्या कानावर रोज तेच. शेवटी तिनं विचारलं, "जावईबापू, हे तुमी काय म्हनताय सारखं?"

जावईबापूंचे डोळे फोनमध्ये. न बघता म्हणाले, "काही नाही हो आई. फर्स्ट म्हणजे पहिलं. वर्ल्ड म्हणजे जग. प्रॉब्लेम म्हणजे अडचण. पहिल्या जगातली अडचण."

झालं! शब्द सगळे बरोबर, अर्थ मात्र तिसरीकडेच. श्रीमंत देशांना तिकडं पहिलं जग म्हणतात. सगळं मिळून उरलेल्यांची जी कुरकुर, ती पहिल्या जगातली अडचण. पण हे गोदाक्काला कोण सांगणार? तिनं आयुष्यभर कीर्तनं ऐकलेली, तीही जागं राहून! मागं काय बघता, तुम्हालाच म्हणतोय. जीव नऊ महिने गर्भात असतो, तिथं 'सोऽहं सोऽहं' म्हणतो, हे तिला पाठ. मग माणसाचं पहिलं जग कुठलं? आईचं पोट! हे दिसतंय ते दुसरं. म्हणजे लेक जे बोलते ते तिचं नव्हेच. आतलं बाळ अडचण सांगतंय. हे तर डोहाळे!

आणि डोहाळा नाही पुरवला तर बाळाचा कान फुटतो म्हणतात. गोदाक्का पदर खोचून उठली. फेस कमी? तिनं दूध तापवलं, एका पातेल्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतलं, असा फेस आणला की यंत्र लाजलं. पडदा आखूड? आपल्या जुन्या लुगड्याचा काठ उसवला आणि त्या झुळझुळीत विलायती पडद्याला खाली जोडून टाकला. हिरव्यागार काठाचा पडदा, अख्ख्या नॉर्वेत एकच! जावयाची गादी गरम होत नाही? तिला क्षणभर प्रश्न पडला, बाप्याला डोहाळे कसे? मग म्हणाली, असतील बाई, या देशात बाई-बाप्या सारखेच. आणि रोज सकाळी गाडीत जावयाच्या आधी स्वतः जाऊन बसायला लागली. गादी उबवायला!

निरंजन बिचारा ओशाळला. केतकीनं आईला खोदून विचारलं तेव्हा सगळा उलगडा झाला. ती हसून हसून गडबडा लोळली. निरंजन म्हणाला, "अगं, खरं काय ते सांग त्यांना." पण केतकीचं हसू थांबलं होतं. ती त्या हिरव्या काठाकडे बघत म्हणाली, "नको. राहू दे. माझ्या बाळाचं ऐकणारं दुसरं कोण आहे इथं?"

तेव्हापासून खेळच झाला. सकाळी गोदाक्का लेकीच्या पोटावर हात ठेवायची, "काय म्हनतंय पहिलं जग?" केतकीही पोटावर हात ठेवून डोळे मिटायची आणि सांगायची. आज लाथा मारतंय. आज उचकी लागलीय. आज म्हणतंय, लाडवात गूळ कमी आहे. मंडळी, जी पोरगी कॉफीच्या फेसापलीकडं काही ऐकत नव्हती, ती आता आत कान लावून ऐकायला शिकली. आईच्या एका चुकीनं!

आणि मग एक सकाळ आली. आठवा महिना. गोदाक्कानं हात ठेवला. "काय म्हनतंय पहिलं जग?"

केतकीनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले. म्हणाली, "आज काही तक्रार नाही आई. शांत आहे."

आपण असतो तर काय म्हणालो असतो? बरं झालं, निजलंय! पण गोदाक्काचा हात तिथंच थबकला. जिनं जन्म मागाजवळ काढला, तिला खडखडाट थांबला की जाग येते. ती म्हणाली, "कालच्यान् शांत हाय का?" केतकीचा चेहरा उतरला. "रात्रीही हललं नाही. मला वाटलं…"

"जावईबापू, गाडी काडा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं आणि पळापळ सुरू झाली. नाळेचा वेढा बसला होता. तिथल्या तिथं केतकीला आत नेलं, पोट उघडून बाळ काढलं. मुलगा! काचेपलीकडच्या खोलीत त्याला उबदार गादीवर ठेवलं. काचेअलीकडं गोदाक्का आणि निरंजन.

बाळ निळसर. हालचाल नाही. रडणं नाही.

मंडळी, त्या खोलीत काय नव्हतं? ऊब होती, प्राणवायू होता, लखलखीत दिवे होते, जगातले शहाणे हात होते. कशाचीही उणीव नव्हती. आणि कसलीही तक्रार नव्हती. त्या क्षणी गोदाक्काला कळलं, जिथं कुणाचीच काही तक्रार नसते, अशी जागा कुठली असते. नाव मी घेत नाही. आज रामजन्म आहे.

तिनं काचेला दोन्ही हात लावले. रामाचं नाव तोंडात येईना. ती म्हणाली, "तक्रार कर रं लेकरा. उजेड लई हाय म्हन. हात गार हायत म्हन. काय बी म्हन. सगळं पुरवते. नुसतं म्हन."

शेजारी निरंजन, एवढा शिकलेला गडी, काचेवर डोकं टेकून तेच बोलू लागला. "म्हण रे. काहीतरी म्हण."

आणि, मंडळी — आधी मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. मग जरा मोठा. आणि मग असा टाहो, असा टाहो, की काच थरथरली! टाळ वाजवा रे! अरे, वाजवा!

बाळ थांबेना. डॉक्टरीण हसते, नर्स हसते, हे आपलं रडतंय. थोड्या वेळानं नर्सबाईनं गोदाक्काला आत घेतलं. आजीनं नातवाकडं बघितलं, मग वरच्या दिव्याकडं बघितलं. आणि काही न बोलता आपला पदर पसरून दिव्याच्या आड धरला.

बाळ गप्प झालं. त्यानं डोळे उघडले.

उजेड, मंडळी! उशीवर येणारा तोच उजेड! आता मला सांगा, गोदाक्काची चूक होती का? मी पोथ्या वाचल्या, पण इथं माझे हात जोडले जातात.

बाहेर आल्यावर ती जावयाला म्हणाली, "ऐकलंसा न्हवं? पहिल्या जगातली तक्रार." आणि निरंजननं, ज्यानं तो अर्थ सांगितला होता, तिच्या पायावर डोकं ठेवलं.

म्हणून आमच्या घरच्या मालाची एक ओळ घ्या माझ्या मागं —

*कुरकुरतो तो जिता जाणा, मुका त्याची खबर आणा!*

आई मूल रडल्याशिवाय पाजत नाही म्हणतात. अहो, प्रत्यक्ष राम, पण तोही रडतच आला असणार. रडला नसता तर कौसल्येचा जीव जाग्यावर राहिला असता का? देवाला तुमच्या कुरकुरीचा कंटाळा येत नाही. ती त्याला हवी आहे. पण तुम्ही घरी गेल्यावर काय करायचं ते सांगतो. जो सारखा रडतो त्याला एक लाडू द्या. आणि ज्याचं रडणं अलीकडं थांबलंय, ती सून, तो म्हातारा, ते कॉलेजातलं पोर, त्याच्याजवळ जाऊन बसा. हात ठेवा. विचारा.

आणि दुसऱ्याला काय सांगतो मी? माझ्याच समोर, खांबाला टेकून… तात्या! अहो वझेतात्या! जरा हलवा रे त्यांना. हळू. तात्या, ऐकू येतंय का? आवाज पोचतोय ना?

काय? काय म्हणाले?

पोचत नाही!

वा, तात्या, वा! उठली काठी! अरे ए माईकवाल्या, वाढव आवाज. पहिली तक्रार आली, रामाचा जन्म झाला!